श्रवणदोष, कॉक्लिअर इम्प्लांट आणि कानाच्या विकारांवरील संशोधन : नागपूर-विदर्भातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानाच्या तक्रारी घेऊन नागपुरात येणारी माणसे केवळ शहरातली नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाट भागातूनही कुटुंबे मेडिकल, मेयो, मिहानमधील एम्स किंवा खासगी रुग्णालयांत पोहोचतात. तपासणीनंतर कधी त्यांच्या हातात एखाद्या अभ्यासाचे संमतीपत्र येते, तर कधी तीच मंडळी ‘बहिरेपणावर इंजेक्शन निघाले’ अशी मोबाइलवरची बातमी आमच्यासमोर धरतात. श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्यक्ष तपासणीला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याला ती पर्याय नाहीत.

‘अभ्यासात सहभागी व्हा’ असे सांगतात, म्हणजे आमच्यावर प्रयोग होणार का?

बहुतेक वेळा नाही. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत पुष्कळसे अभ्यास केवळ नोंदी घेण्याचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी तो, उदाहरणार्थ, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची ऐकण्याची पातळी शस्त्रक्रियेआधी आणि काही महिन्यांनी मोजून तिची तुलना करतो. अशा अभ्यासात उपचार जे व्हायचे तेच होतात, फक्त त्यांच्या नोंदी वापरण्याची परवानगी मागितली जाते.

दुसऱ्या प्रकारात नवे औषध, नवे उपकरण किंवा शस्त्रक्रियेची नवी पद्धत तपासली जाते. येथे आपल्याला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर किंवा आपण ठरवत नाही, ते बहुधा संगणकाने यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या पद्धतीने ठरते. म्हणून संमतीपत्र हाती आले की पहिला प्रश्न हाच विचारावा : या अभ्यासामुळे माझ्या उपचारात काही बदलणार आहे का? या एका प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले, तर पुढचे बरेचसे गैरसमज होतच नाहीत.

थाळी वाजवली की बाळ वळून पाहते. मग बेरा चाचणी कशासाठी?

बाळ आवाजाकडेच वळते असे नाही. थाळी वाजवणाऱ्याची सावली, हवेचा झोत, पलंगाला बसलेला हादरा यांपैकी कशानेही ते मान वळवू शकते, आणि बहिरेपण असलेली मुले या खुणा टिपण्यात फार तरबेज असतात. शिवाय तीव्र श्रवणदोष असलेल्या बाळालाही खूप मोठा, खालच्या पट्टीतला आवाज थोडाफार जाणवू शकतो. त्याने दार आपटल्यावर दचकणे आणि ‘बाळा’ ही हाक त्याला ऐकू येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बेरा चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक असा आवाज सोडतात आणि श्रवणनाडीपासून मेंदूच्या देठापर्यंत संदेश पोहोचतो का, हे पडद्यावर उमटणाऱ्या लहरींवरून पाहतात. त्या लहरींपैकी पाचवी लहर किती कमी आवाजापर्यंत टिकून राहते, यावरून ऐकण्याच्या पातळीचा अंदाज येतो. चाचणीत दुखत नाही. अडचण असते ती झोपेची. अहेरी किंवा भामरागडकडून रात्री निघालेले बाळ एसटीत गाढ झोपते आणि चाचणीच्या खोलीत टक्क जागे राहते. झोपेचे औषध देऊनही ते न झोपल्यास चाचणी पुढच्या तारखेवर जाते आणि आईवडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. म्हणून लांबून येणाऱ्यांनी शक्य असल्यास आदल्या दिवशी नागपुरात मुक्काम करावा आणि चाचणीच्या सकाळी बाळाला जागे ठेवावे, असे आम्ही आवर्जून सांगतो.

जन्मानंतर अनेक ठिकाणी होणारी ओएई चाचणी चाळणीसाठी चांगली असली, तरी ती आंतरकर्णातील बाह्य केशपेशींपुरतीच (केशपेशी म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी) माहिती देते. पुढे मज्जातंतूच्या पातळीवर दोष असेल, तर ओएई उत्तम आणि बेरा सपाट असे चित्र दिसू शकते. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या किंवा जन्मतः तीव्र कावीळ झालेल्या बाळांच्या बाबतीत केवळ ओएईवर समाधान मानू नये ते याचसाठी.

‘मुलगा उशिरा बोलतो, त्याचे वडीलही उशिरा बोलले होते.’ थोडे थांबून पाहिले तर काय बिघडते?

बरेच बिघडते, आणि या विषयावर संशोधनाचे उत्तर आज अगदी स्पष्ट आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५० मुलांची तुलना केली गेली. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा नंतर ओळख पटलेल्या मुलांपेक्षा ठळकपणे सरस आढळली, आणि हा फरक श्रवणदोषाच्या तीव्रतेवर किंवा घरच्या आर्थिक परिस्थितीवर अवलंबून नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (आंतरकर्णात शस्त्रक्रियेने बसवायचे ऐकण्याचे उपकरण) झालेल्या १८८ मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केला गेला. तेथेही शस्त्रक्रिया जितकी लवकर झाली, तितकी बोली भाषेची वाढ चांगली झालेली दिसली. आईवडील मुलाशी किती आणि कसे बोलतात, याचाही त्या वाढीशी संबंध आढळला.

यामागचे कारण कानात नसून मेंदूत आहे. ध्वनी ओळखण्यासाठी राखलेला मेंदूचा भाग पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला नाही, तर इतर कामांकडे वळतो. मेंदूच्या विद्युत प्रतिसादांवरील अभ्यासांत साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचे प्रतिसाद लवकर वयानुरूप झाले, तर सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांमध्ये ते बहुधा मागेच राहिले. म्हणून जगभर एक महिन्यापर्यंत चाळणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत यंत्र व प्रशिक्षण सुरू, असा क्रम सांगितला जातो. विदर्भात आमच्याकडे पुष्कळ मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर पोहोचतात, याचे मनापासून वाईट वाटते. कारण त्या वर्षांत गमावलेले नंतर कितीही महाग यंत्र लावले तरी पूर्णपणे भरून निघत नाही.

जनुकीय उपचाराने बहिरी मुले ऐकू लागली असे वाचले. इम्प्लांट न करता त्याची वाट पाहावी का?

बातमी खरी आहे, पण ती आपल्या मुलाला लागू होते का हे आधी पाहिले पाहिजे. ओटोफर्लिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या ओटीओएफ या जनुकातील दोषामुळे काही मुले जन्मतः ऐकू शकत नाहीत. त्यांच्या केशपेशी शाबूत असतात. त्या पेशींकडून श्रवणनाडीकडे संदेश जाण्याची पायरी तेवढी बंद असते. हे जनुक उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी विषाणूत मावण्याइतके लहान नाही, म्हणून ते दोन तुकड्यांत, दोन वाहक विषाणूंमार्फत आंतरकर्णात सोडले जाते आणि पेशीत गेल्यावर ते तुकडे एकत्र येतात. शांघायच्या फुदान विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयातील गटाने २०२४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये सहा मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी पाच मुलांच्या श्रवणात स्पष्ट सुधारणा झाली. त्यानंतर इतर देशांतील गटांकडूनही उत्साहवर्धक निष्कर्ष आले आहेत. हे काम खरोखर मोठे आहे.

मात्र जन्मजात बहिरेपणाला कारण ठरणारी शंभराहून अधिक जनुके माहीत आहेत आणि ओटीओएफ त्यांतील एक, तुलनेने कमी आढळणारे कारण आहे. भारतात सर्वांत जास्त वेळा जीजेबी२ हे जनुक सापडते आणि त्यातील एक विशिष्ट बदल आपल्या देशातील कुटुंबांत वारंवार दिसतो. त्यावरचा जनुकीय उपचार अद्याप रुग्णांसाठी उपलब्ध नाही. जन्मानंतर मेंदूज्वर, गोवर, गालगुंड किंवा औषधांमुळे आलेले बहिरेपण या उपचाराच्या कक्षेत मुळातच येत नाही.

त्यामुळे माझे मत असे आहे : जनुकीय तपासणी शक्य असेल तर जरूर करून घ्यावी. कारण कळल्यावर पुढच्या अपत्याबाबत सल्ला देता येतो आणि उद्या एखादा अभ्यास सुरू झालाच, तर आपले मूल त्यात बसते का हे लगेच समजते. पण त्या अहवालाच्या किंवा भविष्यातील इंजेक्शनच्या आशेवर यंत्र, इम्प्लांट आणि प्रशिक्षण एक महिनाही लांबवू नये. वाट पाहण्याची किंमत मुलाच्या भाषेने चुकवावी लागते. दोन्ही कानांचे निर्णय स्वतंत्रपणे घ्यावे का, म्हणजे एका कानात इम्प्लांट करून दुसरा कान राखून ठेवावा का, असे कोणी पालक विचारतात. तो प्रश्न रास्त आहे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी मोकळेपणी बोलण्यासारखा आहे.

कॉक्लिअर इम्प्लांट श्रवणयंत्रापेक्षा वेगळे कसे? त्यावर अजून संशोधन कशाला चालू आहे?

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट आवाजाचे विद्युत संदेशांत रूपांतर करून आंतरकर्णातील शंखासारख्या कॉक्लिआत बसवलेल्या इलेक्ट्रोडमार्फत थेट श्रवणनाडीला देते. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये द्जूर्नो आणि एरिएस यांनी श्रवणनाडीला विद्युत उत्तेजन देऊन रुग्णाला ध्वनीची जाणीव करून दिली. १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी बहुवाहिनी इम्प्लांट बसवले, आणि पुढे ब्लेक विल्सन यांनी आवाजाची छाननी करण्याची अशी पद्धत शोधली, जिच्यामुळे ओठ न पाहता बोलणे समजणे शक्य झाले. क्लार्क, विल्सन आणि इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

तरीही काम संपलेले नाही. निरोगी कानात सुमारे साडेतीन हजार आंतरकेशपेशी असतात आणि इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड असतात १२ ते २२. इतक्या कमी पट्ट्यांच्या पेटीवर भाषा ओळखू येते, पण सुरांचे बारकावे निसटतात आणि गोंगाटात शब्द हरवतात. म्हणून उरलेले नैसर्गिक श्रवण वाचवणारी नाजूक शस्त्रक्रिया, दोन्ही कानांत इम्प्लांट, गोंगाटात आवाज वेगळा काढणारी प्रणाली, बाहेरचा कोणताही भाग नसलेले इम्प्लांट अशा अनेक दिशांनी अभ्यास सुरू आहेत.

नागपूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसरची काय काळजी घ्यावी?

प्रोसेसर म्हणजे इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा भाग. त्याला घाम आणि कूलरची ओल यांपासून जपावे. रात्री प्रोसेसर सिलिका जेल असलेल्या सुकवणीच्या डबीत ठेवावा आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो कधीही विसरू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट कूलरच्या आवाजाची आहे. मार्चअखेर ते जूनपर्यंत आपल्या घरांत दिवसभर डेझर्ट कूलर घरघरत असतो. आपल्याला त्याची सवय होते, पण नुकतेच ऐकायला शिकणाऱ्या मुलाच्या कानावर आईचे शब्द त्या घरघरीत मिसळूनच पडतात. दिवसातून निदान दोन-तीन वेळा, सकाळच्या थंड वेळेत, कूलर आणि टीव्ही दोन्ही बंद करून मुलाजवळ बसावे आणि बोलावे. आ, ऊ, ई, म, श, स या सहा ध्वनींनी रोज प्रोसेसरची परीक्षा घ्यावी. तोंडापुढे हात धरून एकेक ध्वनी म्हणावा आणि मूल प्रतिसाद देते का पाहावे. ‘स’ला प्रतिसाद येईनासा झाला, तर पुढच्या मॅपिंगच्या (प्रोसेसर मुलाच्या कानाला जुळवून घेण्याच्या) तारखेची वाट न पाहता केंद्राला फोन करावा.

परदेशातले निष्कर्ष आमच्या मुलांना लागू होतात का?

मेंदूच्या वाढीविषयीचे निष्कर्ष लागू होतात. भाषेच्या चाचण्या मात्र जशाच्या तशा लागू होत नाहीत. इंग्रजी शब्दयादीवर तपासून वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचे गुण ठरवता येणार नाहीत, आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठीची यादीही परकीच ठरते. ‘काल’ आणि ‘काळ’ किंवा ‘मन’ आणि ‘मान’ यांतला फरक मूल ऐकते का, हे मराठीतच तपासले पाहिजे. आपल्या बोलींमधील शब्दयाद्या तयार करणे, त्या किती विश्वासार्ह आहेत हे तपासणे आणि गोंगाटातील वाक्यचाचण्या बसवणे हे कमी खर्चाचे, पण अत्यंत गरजेचे संशोधन आहे. विदर्भातील तरुण श्रवणतज्ज्ञांनी ते हाती घ्यावे असे मला फार वाटते. आपले मूल अशा अभ्यासासाठी बोलावले गेले, तर त्यात धोका जवळजवळ नसतो आणि उपयोग आपल्याच भागातील पुढच्या मुलांना होतो.

इम्प्लांटचा खर्च कोण करते? अभ्यासात भाग न घेतल्यास योजनेतून नाव निघते का?

केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या अ‍ॅडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांट मिळते. त्यासाठी मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था समन्वय करते. वय आणि उत्पन्नाच्या अटी बदलत असल्याने त्या अर्जाच्या वेळी तपासाव्यात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडी व शाळांत मुलांची तपासणी करून त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ही वाट खेड्यातील कुटुंबांसाठी सर्वांत सोपी आहे.

योजना आणि संशोधन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अभ्यासाला नकार दिल्याने योजनेतील हक्क, क्रमांक किंवा रुग्णालयातील वागणूक यांत फरक पडता कामा नये. ‘सही केलीत तर नंबर लवकर लागेल’ असे कोणी सुचवले, तर ते सरळसरळ चुकीचे आहे आणि त्याविरुद्ध एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, तक्रार करता येते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. इंग्रजी कागदावर ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवले जात असेल, तर मराठी किंवा हिंदी प्रत मागावी. त्यात अभ्यासाचा उद्देश, किती वेळा यावे लागेल, कोणत्या तपासण्या होतील, संभाव्य त्रास, दुसरे कोणते उपचार उपलब्ध आहेत आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा हे लिहिलेले असते. वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सर्व मजकूर वाचून दाखवला गेला पाहिजे. कागद घरी नेऊन आजी-आजोबांशी, गावातील आशाताईंशी बोलून मग ठरवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सहीनंतर एक प्रत आपल्याजवळ राहते.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागतेच. त्याशिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा होकारही घ्यावा लागतो. बारा वर्षांपर्यंत तो तोंडी आणि त्यानंतर लेखी असतो. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, त्याला चित्रांनी किंवा खुणांच्या भाषेतून समजावून होकार घेणे हे संशोधकाचे काम आहे. पालक हो म्हणाले म्हणून ते टाळता येत नाही. कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडता येते.

अभ्यासामुळे काही इजा झाली तर?

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे, तर उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. चाचणीदरम्यान इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात आणि ती इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईही द्यावी लागते.

एखादा अभ्यास खरा आहे की पैसे उकळण्याचा प्रकार, हे कसे ओळखावे?

भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत होते आणि १ एप्रिल २०१८ पासून ती नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारावा आणि संकेतस्थळावर स्वतः पाहावा. दुसरे, एथिक्स कमिटीची मंजुरी विचारावी. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांत कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिकही असावा लागतो, आणि किमान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात.

तिसरी खूण पैशांची. ‘स्टेम सेलने बहिरेपण बरे करतो’ असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारखे मान्यताप्राप्त मोजके उपयोग सोडल्यास स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. शेत गहाण ठेवून असा उपचार करून आलेले कुटुंब समोर बसले की काय बोलावे हे सुचत नाही. म्हणून हे आधीच सांगणे मला गरजेचे वाटते.

आम्हाला खोटे औषध देतील का?

काही चाचण्यांत एका गटाला औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य, म्हणजे प्लासिबो दिले जाते. ते आधी सांगावे लागते, आणि ज्या आजारावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहे, तेथे रुग्णाला उपचाराविना ठेवणे मान्य नसते.

कानाच्या आजारांत प्लासिबोची गरज विशेष असते, कारण अनेक तक्रारी आपोआप कमी-जास्त होतात. मेनिएर या विकारात घेरी, कानात आवाज आणि बहिरेपण यांचे झटके येतात. त्यासाठी बीटाहिस्टिन सर्रास लिहून दिले जाते. जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्त मात्रा, कमी मात्रा आणि प्लासिबो अशा तिन्ही गटांत झटके जवळपास सारखेच कमी झाले. प्लासिबो गट नसता, तर तीच घट औषधाचे यश म्हणून मांडली गेली असती. याचा अर्थ ज्यांना ते औषध चालू आहे त्यांनी ते स्वतःहून बंद करावे असा नाही, डॉक्टरांशी बोलावे.

केशपेशी पुन्हा उगवण्यासाठीच्या एफएक्स-३२२ या औषधाचेही असेच झाले. सुरुवातीच्या लहान अभ्यासात काही रुग्णांना शब्द अधिक चांगले ओळखू आले आणि जगभर आशा पसरली. पण प्लासिबोशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही आणि २०२३ मध्ये ते काम थांबवले गेले. निष्कर्ष नकारार्थी आला, तरी त्या चाचणीत सहभागी झालेल्यांनी इतर हजारो रुग्णांना निरुपयोगी इंजेक्शनपासून वाचवले.

सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले. मळ असेल का?

असेलही, पण ते आजच तपासून घ्यावे. तीन दिवसांच्या आत अचानक श्रवण घटणे ही तातडीची अवस्था आहे आणि स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या चाचणीत पोटातून दिलेले आणि पडद्यातून कानात दिलेले स्टेरॉइड सारखेच परिणामकारक आढळले. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून मधुमेही रुग्णांच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे.

मुलाचा कान वारंवार वाहतो. तेल घालावे का?

घालू नये. पडद्याला छिद्र असताना तेल, पाणी किंवा कुणी सांगितलेला रस आत गेला की जंतुसंसर्ग वाढतो. कान कोरडा ठेवणे, डॉक्टरांनी दिलेले थेंब पूर्ण मुदतीपर्यंत घालणे आणि आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस वापरणे यांनी बराच फरक पडतो. स्राव थोडा पण अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, तर हाड पोखरणारा कोलेस्टिएटोमा नाही ना, हे पाहावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात आणि वाहणारा कान त्यांत मोडतो.

औषधांमुळे बहिरेपण येते हे खरे आहे का?

होय. अ‍ॅमिकॅसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. मातेकडून येणाऱ्या एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे काही जणांना पहिल्या प्रकारच्या इंजेक्शनच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते. ब्रिटनमध्ये नवजात शिशूच्या गालातील नमुन्यावरून हा बदल २६ मिनिटांत ओळखणारी चाचणी अतिदक्षता कक्षात वापरून पाहिली गेली आणि तो बदल आढळलेल्या बाळांना वेळीच दुसरे प्रतिजैविक देता आले. आजोळच्या कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येणे बंद झाले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

सिस्प्लॅटिनबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृताचा कर्करोग असलेल्या मुलांना औषधानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिले असता श्रवणहानीचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. पसरलेल्या कर्करोगात ते वापरण्याबाबत सावधगिरी बाळगली जाते. नागपुरात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी निदान एवढे तरी विचारावे : केमोथेरपीपूर्वी आणि प्रत्येक फेरीनंतर श्रवण तपासले जाणार आहे का?

सिकलसेलचा कानाशी संबंध आहे का?

आहे. आंतरकर्णाचा रक्तपुरवठा अतिशय बारीक वाहिन्यांतून होतो आणि सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या लाल रक्तपेशींमुळे त्या तुंबू शकतात. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात असल्याने अशा रुग्णांची श्रवणचाचणी वेळोवेळी करावी.

आजोबांना यंत्र लावल्याने विसराळूपणा थांबेल का?

असे वचन देता येत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण गटात फरक दिसला नाही. मात्र ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच अधिक होता, त्यांच्यात श्रवणयंत्र व समुपदेशन मिळालेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्के कमी होती. हा निष्कर्ष आशादायक असला, तरी उपगटाचा असल्याने त्याला आणखी पुष्टी लागेल. यंत्र लावण्याचे पुरेसे कारण याहून साधे आहे : आजोबा घरातल्या बोलण्यात पुन्हा सहभागी होतात.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, हे खरे का?

या भीतीला ठोस आधार नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे आणि तिच्या प्रशिक्षणासाठी २०१५ पासून राष्ट्रीय केंद्र कार्यरत आहे. इम्प्लांट उशिरा झाले, त्याचा अपेक्षित उपयोग झाला नाही किंवा कुटुंबाने ते नको ठरवले, तरी मुलाला भाषा मिळालीच पाहिजे. तीव्र श्रवणदोष असलेली पण कोणतीच भाषा नसलेली सहा वर्षांची मुले आम्ही पाहतो, आणि भाषेविना राहिल्याने होते तेवढे नुकसान कोणतीही एक भाषा निवडल्याने होत नाही. ज्यांना इम्प्लांट नको आहे, त्यांच्या निर्णयाचा संशोधकांनीही आदर करावा.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावे?

बाळाचे जन्माचे कागद आणि अतिदक्षता कक्षात राहिले असल्यास तेथील डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड, आधीचे ओएई, बेरा वा ऑडिओग्रामचे मूळ कागद, वापरातले यंत्र आणि त्याचे मोल्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आधार, शिधापत्रिका आणि असल्यास दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड आणावे. मूल घरी कोणत्या आवाजाला कसा प्रतिसाद देते, याची मोबाइलवर दोन-तीन छोटी चित्रफीत घेऊन ठेवावी. घरी जी व्यक्ती दिवसभर मुलाजवळ असते, मग ती आजी असो वा मोठी बहीण, तिला सोबत आणावे, कारण पुढचे प्रशिक्षण प्रत्यक्षात तीच व्यक्ती देणार असते.